चाकाचा हिशोब: सायकलीचा वेग आणि अंतर कसं मोजायचं?

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मिरचीचा हंगाम चालू असताना संध्याकाळी तुम्ही एवढे लोक वेळ काढून आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की सायकलीवर काय बोलणार? पायडल मारलं की सायकल चालते, संपलं. पण आत येताना बाहेर सायकली लावलेल्या पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच शाळेच्या मुलींच्या आहेत. तिथेच एका मुलीला विचारलं, "बाळा, घर किती लांब?" ती म्हणाली, "सर, लई लांब आहे." मी म्हटलं, "लई म्हणजे किती?" ती हसली आणि म्हणाली, "लई म्हणजे लई."

आपलं अंतराचं गणित असंच असतं बघा. हाकेच्या अंतरावर, टप्प्यात, हे काय दिसतंय, कोसभर. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण तो कोस कुणी मोजला? रस्त्यात कुणाला पत्ता विचारला तर "हे काय, आलंच" म्हणतो, आणि पुढे पाऊण तास चालावं लागतं. तर आज हे "लई लांब" आकड्यात कसं आणायचं, ते बघू. एक रुपया खर्च न करता करता येणाऱ्या पद्धतींपासून सुरुवात करू आणि उपग्रहापर्यंत जाऊ.

दगड आणि घड्याळ

सगळ्यात सोपी पद्धत आधी. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. दोन दगडांमधलं अंतर एक किलोमीटर. हातात घड्याळ असलं की वेग काढता येतो. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं लागली, तर वेग ताशी १५ किलोमीटर. पाच मिनिटं लागली तर ताशी १२. तीन मिनिटं लागली तर ताशी २०, आणि तुम्ही चांगले पळवताय.

काही रस्त्यांवर मध्ये दर २०० मीटरला छोटे दगडही असतात. तेवढं अंतर ४८ सेकंदांत कापलं तर वेग पुन्हा ताशी १५ च.

पण दगडावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रस्त्याचं वळण सरळ केलं, पूल नवा बांधला, बाजूने वळणरस्ता काढला, तरी जुना दगड आपल्या जागी उभाच राहतो. म्हणून एका किलोमीटरवर हिशोब करू नका. सलग पाच दगड धरा आणि सरासरी काढा. एखादा दगड चुकीचा असला तरी त्याची चूक मग पाचांत वाटली जाते.

चाक म्हणजे गोल गुंडाळलेली पट्टी

आता दगड नसलेला रस्ता घ्या. शेतवस्तीचा, शिवेवरचा, पांदणीचा. तिथे काय करायचं? तिथे सायकलच मापपट्टी होते. चाक एक पूर्ण फेरा फिरलं की सायकल बरोबर चाकाच्या घेराएवढी पुढे जाते. म्हणजे दोनच गोष्टी माहीत पाहिजेत: घेर किती आणि फेरे किती.

घेर कसा मोजायचा? टायरवर २८ इंच किंवा २६ इंच लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ते नावापुरतं माप आहे. सपाट जागा शोधा, शाळेचा व्हरांडा चालेल. आधी हवा नेहमीइतकी भरून घ्या. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली, जमिनीच्या बाजूला आणा आणि तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. आता सीटवर बसा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि हळूहळू सरळ पुढे न्या. व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली आला की तिथे दुसरी रेघ मारा. टेपने अंतर मोजा आणि पाचने भागा.

सीटवर बसायचं कशासाठी? कारण तुमच्या वजनाने टायर थोडा दबतो आणि घेर कमी होतो. रिकाम्या सायकलीचं माप जास्त भरतं. हवा कमी असली तरी तेच होतं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

आपल्या नेहमीच्या उंच काळ्या सायकलीचा, २८ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर २४ सेंटिमीटर भरतो. म्हणजे किलोमीटरला सुमारे ४४६ फेरे. मुलींच्या २६ इंची सायकलीचा घेर साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४८३ फेरे. हे आकडे पाठ करू नका, स्वतःच्या सायकलीचा घेर स्वतः मोजा.

फेरे मोजायचे कसे?

ही युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने एका गाडीचं वर्णन करून ठेवलंय. तिच्या चाकाचा एक फेरा साडेबारा फुटांचा. ४०० फेरे झाले की ५००० फूट, म्हणजे त्यांचा एक मैल. चाकाला दातेरी चक्रं अशी जोडलेली की मैल पूर्ण झाला की एक खडा भांड्यात टणकन पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, तितके मैल झाले.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात नैनसिंह रावत यांनी तिबेटचं सर्वेक्षण तर पायाने केलं. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. बघणाऱ्याला वाटायचं नामस्मरण चाललंय.

सायकलीवर हेच काम पायडल करतं. चेनव्हीलचे दाते मोजा आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आहेत. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. त्याला २.२४ मीटरने गुणलं की साधारण ५ मीटर ४८ सेंटिमीटर. शंभर पायडलला ५४८ मीटर. एका खिशात मक्याचे दाणे ठेवा आणि शंभर पायडल झाले की एक दाणा दुसऱ्या खिशात टाका. व्हिट्रुव्हियसचा खडा आणि आपला मक्याचा दाणा, हिशोब एकच. फक्त उतारावर पायडल न मारता सायकल सोडून दिलीत तर ते अंतर मोजलं जात नाही. म्हणून मोजायच्या दिवशी उतारावरही पायडल मारत राहा.

आता वेगाची एक गंमत सांगतो. पुढच्या चाकाच्या एकाच स्पोकला प्लॅस्टिकची छोटी पट्टी बांधा आणि चिमट्याला जुन्या पत्रिकेचा जाड कागद असा अडकवा की दर फेऱ्याला पट्टी त्यावर एकदाच टक् करून वाजेल. २८ इंची चाक असेल तर आठ सेकंदांत किती टक् वाजले ते मोजा. जितके टक्, तितका ताशी किलोमीटर वेग. पंधरा टक् म्हणजे ताशी १५. बारा टक् म्हणजे १२.

हे कसं जमतं? घेर मीटरमध्ये घ्या आणि ३.६ ने गुणा. २.२४ गुणिले ३.६ म्हणजे ८.०६. एवढ्या सेकंदांत जितके फेरे होतात, तितकाच ताशी किलोमीटरमध्ये वेग येतो. २६ इंची चाकासाठी हीच वेळ साडेसात सेकंद आहे. वहीवर करून बघा, जुळतं.

१८९५ मध्ये अमेरिकेत कर्टिस व्हीडर यांनी बनवलेला सायक्लोमीटर हेच करायचा. स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला एका छोट्या चांदणीसारख्या चक्राला टोला द्यायची आणि आतले आकडे पुढे सरकायचे.

चुंबकाचा मीटर

आज दुकानात मिळतो तो छोटा सायकल कॉम्प्युटर याच टोल्याची नवी आवृत्ती. स्पोकला चुंबक आणि चिमट्याला सेन्सर. सेन्सरमध्ये दोन बारीक पत्र्या असतात. चुंबक समोरून गेला की त्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. एक फेरा नोंदला गेला. दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून वेग निघतो, आणि फेऱ्यांची बेरीज म्हणजे अंतर. नव्या प्रकारात चुंबकही नसतो, चाकाच्या मधल्या हबवर बसवलेला सेन्सर स्वतःचं फिरणं ओळखतो आणि मोबाइलला कळवतो.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, चुंबक सरकतो. खराब रस्त्यावर हादरे बसले की चुंबक आणि सेन्सरमधलं काही मिलिमीटरचं अंतर वाढतं आणि फेरे गळायला लागतात. माझं स्वतःचं असं झालंय. दिवसभर सायकल चालवून घरी आलो आणि मीटर सांगतोय १९ किलोमीटर. पाय मात्र वेगळंच सांगत होते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती दिसत नाही. मीटरमध्ये घेर भरावा लागतो, मिलिमीटरमध्ये. बरेच जण तो आधीच भरलेला आकडा तसाच ठेवतात. समजा आत रेसिंग सायकलीचा २१०५ आहे आणि तुमचा घेर आहे २२४०. मग मीटर प्रत्येक फेऱ्याला साडेतेरा सेंटिमीटर कमी मोजतो. तुम्ही १०० किलोमीटर गेलात की तो ९४ दाखवणार.

दुरुस्ती सोपी आहे. पाच दगडांचा पट्टा घ्या. मीटर ५ ऐवजी ४.७० दाखवतोय? ५ भागिले ४.७० म्हणजे १.०६४. त्याने जुना आकडा गुणा. २१०५ चे साधारण २२४० होतात. तो आकडा भरा, काम झालं.

मोबाइल आणि आकाश

आता तरुण मंडळी म्हणतील, एवढं कशाला, मोबाइल आहे की. बरोबर आहे. मोबाइलमधलं स्ट्राव्हासारखं ॲप चालू करून खिशात टाकलं की रस्ता, वेग, चढ, सगळं नोंदतं. पण ते कसं मोजतं हे कळलं की कुठे चुकतं तेही कळतं.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संदेश पाठवत असतात. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून मोबाइल अंतर काढतो. जागा ठरवायला तीन उपग्रह आणि मोबाइलच्या घड्याळाची चूक काढायला चौथा. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ३०० मीटरचा फरक पडतो, इतकं हे नाजूक काम आहे. आपल्या इस्रोचीही नाविक नावाची यंत्रणा आहे आणि काही मोबाइल तीही वापरतात.

मोकळ्या शिवारात मोबाइल काही मीटरच्या फरकाने जागा बरोबर सांगतो. पण तो सलग रेघ काढत नाही, थोड्या थोड्या वेळाने ठिपके देतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडतो. त्यामुळे वळणावर कोपरे कापले जातात आणि घाटातलं अंतर कमी भरतं. उलट तुम्ही चहाच्या टपरीवर बसलात तर ठिपका जागच्या जागी थरथरतो आणि बसल्या बसल्या काही मीटर वाढतात. दाट झाडी असली की गोंधळ आणखी वाढतो.

तर मग खरं कोण, चाक की आकाश? घेर नीट मोजलेला असेल तर अंतरासाठी चाक जास्त भरवशाचं. रस्ता कुठून कुठे गेला आणि चढ किती होता, यासाठी मोबाइल. दोन्ही ठेवलेत तर एकाची चूक दुसरा पकडतो.

आणि चाकाला कमी समजू नका. मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग आजही सायकलनेच मोजला जातो. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र बसवतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या काही शे मीटरच्या पट्ट्यावर सायकल चार वेळा चालवून यंत्र जुळवतात. मार्ग मोजून झाला की परत त्याच पट्ट्यावर चार वेळा चालवतात, कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते आणि घेर बदलतो. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे मार्ग कमी भरायला नको. आंतरराष्ट्रीय विक्रम ज्या मापावर ठरतात, ते माप सायकलीचं आहे.

सरासरीचा सापळा

एक प्रश्न विचारतो. जाताना ताशी २० ने गेलात, येताना वारा समोरून आला म्हणून १० ने आलात. सरासरी किती? (श्रोत्यांतून: "पंधरा!") सगळे पंधरा म्हणतात. करून बघू. अंतर १० किलोमीटर धरा. जायला अर्धा तास, यायला एक तास. २० किलोमीटर, दीड तास. सरासरी १३.३. हळू चालताना जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी हळू वेगाकडे ओढली जाते.

दुसरं, मीटरवरची सरासरी बहुतेक वेळा फक्त चाक फिरत असतानाची असते. थांबलेला वेळ त्यात नसतो. पण घड्याळ थांबत नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या सायकल फेऱ्या असतात, त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. जेवण, पंक्चर, चहा सगळं त्यातच. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी आळीपाळीने सायकल चालवून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. थांबण्यासकट सरासरी ताशी सुमारे २३ किलोमीटर पडते. तिथे एकेका मिनिटाचा हिशोब असतो.

आता मूळ मुद्दा

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे अमेरिकेत जायचंय. मान्य. म्हणून एक घरची गोष्ट सांगतो.

माझी धाकटी बहीण सातवी झाली तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावात होती. आमचं घर गावठाणात नव्हतं, शेतात होतं. घरात चर्चा झाली. आजी म्हणाली लांब आहे. काका म्हणाले लई लांब आहे. वडील काही बोलले नाहीत. कुणी म्हणालं सहा किलोमीटर, कुणी म्हणालं आठ. सगळ्यांनी मान डोलावली आणि तिची शाळा थांबली. मी तेव्हा नववीत होतो, सायकलीवर त्याच शाळेत जात होतो. मीही काही बोललो नाही.

पुष्कळ वर्षांनी एका सुट्टीत घेर मोजलेली सायकल घेऊन मी तो रस्ता मोजला. दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत ४.३ किलोमीटर. ताशी १२ ने, अगदी सावकाश गेलं, तरी साडेएकवीस मिनिटं. तिला मी ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दादा, तेव्हा मोजायचं ना."

मंडळी, अंतर हेच एक कारण नसतं, हे मला कळतं. रस्ता कसा आहे, पावसाळ्यात नाला भरतो का, सोबत कोण आहे, हेही असतं. पण आकडा समोर असला की बोलणी आकड्यावर होतात. "लई लांब" शी वाद घालता येत नाही. साडेएकवीस मिनिटांशी घालता येतो.

आज मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि ती योजना शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी आहे. वस्तीवरच्या घराचं अंतर आपण गावाच्या नावावर लिहितो आणि दीड-दोन किलोमीटरचा घोळ होतो. मीटर सहा टक्के चुकला तर पाच किलोमीटरला ३०० मीटरचा फरक पडतो. काठावरच्या मुलीसाठी तेवढाही महत्त्वाचा आहे. नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढून मोजू नका, कारण मुलगी पाखरासारखी उडत जात नाही. दारापासून फाटकापर्यंत, ज्या रस्त्याने ती जाते त्याच रस्त्याने मोजा. जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही आकडे जुळले की तारीख घालून वहीत लिहा. पावसाळ्यात रस्ता बदलत असेल तर तोही वेगळा मोजा.

श्रोत्यांचे प्रश्न

*मीटर घ्यायचा तर कोणता घ्यावा?*
तारेचा साधा चुंबकवाला घ्या. त्याला मोबाइलसारखं रोज चार्जिंग लागत नाही. घेताना एकच बघा, घेर मिलिमीटरमध्ये भरता येतो का. फक्त इंचाचे ठरावीक पर्याय देणारा घेऊ नका.

*डायनॅमोवरून वेग कळतो का?*
अंदाज येतो. डायनॅमो टायरवर घासून फिरतो, म्हणून वेग वाढला की दिवा उजळतो आणि चढावर मंद होतो. आकडा मिळत नाही, पण पायडल जड मात्र होतं.

*चालवताना मीटरकडे बघावं का?*
नाही. नजर रस्त्यावर ठेवा. बाजाराच्या दिवशी पिकअप गाड्या कशा जातात तुम्हाला माहीत आहे. आकडा कुठे पळून जात नाही, थांबल्यावर बघा.

*(शाळेच्या मुलींपैकी एकीने) सर, खडू आणि टेप आमच्या शाळेत आहे. उद्या मोजू का?*
उद्या नाही, परवा मोजा. उद्या आधी हवा भरून घ्या. आणि पुढच्या वेळी मी घर किती लांब विचारलं, तर "लई" म्हणायचं नाही.